चीनचा चहा आला घरी: प्रकार अन् दर्जा कसा ओळखा लागते?

कपाशीवाला, दर्यापूर तालुका
राम राम मंडळी. भाच्यानं चीनहून चार पाकिटं आणली. एकात चपटी हिरवी पत्ती, दुसऱ्यात गोळ्या, तिसऱ्यात काळी बारीक पत्ती, अन् चौथी तर गोवरीसारखी चपटी वडी! हे वेगवेगळ्या झाडांचे आहेत काय? माल चांगला आहे हे कशावरून समजावं?

संत्राबाग, वरुड
भाऊ, झाड एकच. तोडल्यावर पत्तीचं काय केलं, यात सारा फरक. चपटी असेल तर बहुतेक हांगझोऊकडचा लोंगजिंग. पत्ती गरम कढईत हातानं दाबून भाजतात, म्हणून हिरवी राहते. गोळ्या म्हणजे बहुतेक ऊलाँग, अर्धवट लालसर होऊ दिलेला. फुजियानमधल्या आन्शीचा तिएग्वानयिन असाच वळलेला असतो. काळी पत्ती पूर्ण लाल होऊ देऊन वाळवतात. वडी युन्नानचा पुअर असावा, पूर्ण वडी बहुधा 357 ग्रॅमची. पांढरा अन् पिवळा हे आणखी दोन प्रकार.

फौजेत असताना आसामात पत्ती पाहायला शिकलो. डब्यावर जाऊ नका. चहा गाळल्यावर ओली पत्ती बशीत पसरा. चांगल्या लोंगजिंगमध्ये कोंब अन् त्याला लागलेली एक-दोन कोवळी पानं अख्खी दिसतात. नुसते तुकडे, जाड देठ दिसले तर माल हलका. 5 एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या चिंगमिंग सणाआधीची तोड सगळ्यात महाग, कारण कोंब कोवळे. ऊलाँगवर पाच-सहा वेळा पाणी घाला. तिसऱ्या पाण्यालाही वास टिकला तर समजा भाच्यानं नीट पारखून आणला.

चहाबाज, अकोट
दर्यापूर म्हणजे आपला खारपाणपट्टा, भाऊ! बोअरच्या पाण्यात कोणताच चहा खुलणार नाही. आरओच्या कॅनचं पाणी घ्या. हिरव्याला उकळतं पाणी नको, 80 अंशांच्या आसपास, नाहीतर कडू होते. पुअरला मात्र खदखदतं, अन् पहिलं पाणी फेकून द्या.

कपाशीवाला
वडीचं पाणी गर्द तांबडं निघालं. ओल्या मातीसारखा वास येते. खराब झाली काय?

संत्राबाग, वरुड
नाही जी, तो मुरवलेला पुअर. ओलसर ढीग लावून मुरवायची ही पद्धत 1973 मध्ये कुनमिंगला बसवली. कच्च्या, ताज्या पुअरचं पाणी पिवळसर निघते. बुरशीचा कुबट वास आला तरच फेका. अन् फवारणीच्या औषधाच्या खोलीत, मसाल्याच्या डब्याजवळ ठेवू नका, ही वडी कोणताही वास ओढून घेते. कागदात गुंडाळून हवेशीर फळीवर ठेवा.