कूलंट गळतंय? तुमचे अनुभव आणि युक्त्या इथे लिहा

वळणवाट
आज रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून वाफेकडे हताशपणे बघत उभे असलेले एक गृहस्थ दिसले आणि हा विषय पुन्हा डोक्यात आला. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ही पेट्रोलसारखी संपणारी गोष्ट नाही. ते बंद चक्रात फिरतं. कूलंटच्या बाटलीतली पातळी महिन्या-दोन महिन्यांत दिसण्याइतकी उतरली, तर ते कुठूनतरी जातंय. वरून ओतत राहणं ही दुरुस्ती नव्हे.

माझ्याकडून सुरुवात: पातळी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागी बघायची. गरम असताना द्रव फुगून वर चढतो आणि सगळं आलबेल वाटतं. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. डागाला वास नसेल आणि नुसतं पाणी असेल, तर ते एसीचं, सोडून द्या. बोटाला बुळबुळीत, गोडसर वास, हिरवा किंवा गुलाबी डाग असेल तर कूलंट. चाखून बघण्याचा मोह नको, एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.
लिहिते व्हा.

पाना_बारा
पुठ्ठ्यावरून थेंब कुठे पडला एवढंच कळतं, कुठून निघाला ते नाही. खाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर थेंब त्यावरून घरंगळत जाऊन भलतीकडेच पडतो. खरी परीक्षा प्रेशर टेस्टरची. इंजिन पूर्ण थंड, रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण काढून त्या जागी हातपंप बसवायचा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा. १.१ बार लिहिलं असेल तर १.१. वर गेलात तर जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी तुमच्याच हाताने फुटेल. १०-१५ मिनिटं काटा बघा. उतरला की टॉर्च घेऊन शोधायला लागा.

शोधायचा क्रम: रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी जिथे दुमडून जोडलेली असते ती शिवण, वरचा-खालचा रबरी पाइप, थर्मोस्टॅटचं (तापल्यावर कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर, मग कूलंट फिरवणारा वॉटर पंप. पंपाच्या अंगाला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. त्यातून ओघळ आलेला दिसला की आतलं सील गेलं. ते भोक बुजवणारे महाभाग असतात. बुजवलं की तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

बिनधास्त७
+१. आणि पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्यावर) चालत असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदला. तेवढ्यासाठी परत सगळं उघडायचं म्हणजे दुप्पट मजुरी.

चहापाणी
वाचतेय. घाईत एकच: सुकलेल्या कूलंटची पांढरी किंवा गुलाबी खपली दिसली की गळतीची जागा तिथेच आसपास, मग आत्ता ती कोरडी का असेना.

थर्मोस्टॅट_दादा
खपलीवरून आठवलं. काही गळत्या फक्त थंडपणीच दिसतात. पाइप आकसतो, क्लॅम्पखाली (पाइप आवळणाऱ्या कड्याखाली) फट पडते, रात्रभर ठिबकतं. इंजिन तापलं की पाइप फुगून फट बंद, आणि गॅरेजमध्ये नेल्यावर काही सापडत नाही. म्हणून गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळी टेस्ट करायला सांगा. मूळचे स्प्रिंगचे क्लॅम्प काढून स्क्रूवाले लावू नका. स्प्रिंग पाइपच्या आकसण्याबरोबर आवळत राहते, स्क्रू जिथे कसला तिथेच राहतो. जास्त कसला तर पाइप कापतो.

रिकामटेकडा
झाकणाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? सगळ्यात स्वस्त भाग आणि सगळ्यात दुर्लक्षित. झाकण दाब धरतं म्हणून उकळबिंदू चढतो, कुकरचंच तत्त्व. अर्धं कूलंट-अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, एक बार दाबाखाली १२५ च्या पुढे. रबर गेलं की दाब सुटतो आणि पाणी बाटलीतून बाहेर फेकलं जातं. कुठेही भोक नसताना पातळी उतरते. झाकणात उलट्या दिशेचा व्हॉल्व्हही असतो. इंजिन थंड झाल्यावर वरचा पाइप आत चेपलेला दिसला तर तो अडकलाय.

कोकिळा२२
तापमानाचा काटा वर गेलाच नाही आणि तरी इंजिन तापून गेलं, असं ऐकलंय. कसं शक्य आहे?

पाना_बारा
@कोकिळा२२ सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. पातळी फार उतरली की तो हवेत लटकतो आणि काटा मध्येच थांबतो, कधी खालीही येतो. दुसरी खूण: काटा वर आणि हीटरमधून मात्र गार हवा. मग आत पाणीच फिरत नाही, लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद.

बिनधास्त७
आणि गरम असताना झाकणाला हात नाही. पाऊण तास तरी थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो, हे निराळंच.

मधली_सुट्टी
बाहेर कुठेच ओल नाही तरी पातळी उतरतेय, तर आत बघा.
काच आतून चिकट धुरकट होते, गोड वास येतो, पायाखालची चटई ओली: हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय.
थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच वरचा पाइप टणक, बाटलीत सतत बुडबुडे, पांढरा धूर जातच नाही: हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं सील) गेलं. निळ्या द्रावाची चाचणी करून घ्या, कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू असेल तर द्राव पिवळा पडतो.
नुसत्या तेलाच्या झाकणाखालच्या पांढऱ्या सायीवरून (ती तेलात कूलंट मिसळल्याची खूण मानतात) हेड उघडू देऊ नका, गाडी रोज जवळच्या जवळ फिरत असेल तर ती दमटपणानेही साचते. डिझेलमध्ये ईजीआर कूलरही (इंजिनात परत नेला जाणारा धूर थंड करणारा भाग) तपासा.

रिकामटेकडा
कूलंटमध्ये ओतायच्या, गळती बंद करणाऱ्या द्रवाच्या बाटलीबद्दल काय मत? 😀

मधली_सुट्टी
घरापर्यंत पोचायला ठीक. भोकाबरोबर हीटर कोअरच्या बारीक नळ्याही बुजतात, मग थंडीत आठवण येते.

चहापाणी
अवांतर: सांडलेलं लगेच पुसा, भरपूर पाण्याने धुवा. गोड चवीमुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं.

वळणवाट
@चहापाणी हे अवांतर नाही हो, महत्त्वाचं आहे.

थर्मोस्टॅट_दादा
दुरुस्तीनंतर हवा काढायला विसरू नका, अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. झाकण उघडं, गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर, हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर सलग धार येईपर्यंत सैल. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम उतरते, तेव्हा भरा. इंजिन थंड झाल्यावर परत बघा. रंग बघून मिसळू नका, रंगाचं काही ठरलेलं मानक नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच घ्या. दोन न जुळणारे प्रकार एकत्र आले की गाळ बसतो. पाणी डिस्टिल्डच.

कोकिळा२२
म्हणजे इलेक्ट्रिक घेतली की सुटलो!

पाना_बारा
कुठलं सुटताय. बहुतेक गाड्यांत बॅटरी आणि इन्व्हर्टरभोवती कूलंटच फिरतं. काहींना वीज कमी वाहणारं खास कूलंट लागतं, तिथे साधं ओतलं की नवीन धागा काढावा लागेल.