मदत हवी आहे: जुन्या पीसीतलं जीटीएक्स ९६० गेलं, आता कोणतं ग्राफिक्स कार्ड झेपेल?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण अर्धवट लिहिलं की पहिल्या चार प्रतिसादांत स्पेक्सच विचारले जातात म्हणून सगळं एकदमच ओततो.

पीसी २०१५ चा. इंटेल आय५ ४५९०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम (४ जीबीच्या दोन स्टिक), कार्ड जीटीएक्स ९६०, २ जीबीवालं. एसएसडी मागाहून टाकली. पॉवर सप्लाय ४५० वॅटचा, त्यातून कार्डासाठी ६ पिनची एकच वायर निघते. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ, आणि त्याच्या मागे व्हीजीए आणि डीव्हीआय, बस्स. एचडीएमआय नाही.

झालंय काय की दोनेक महिन्यांपासून गेम लावला की वीस मिनिटांत स्क्रीन काळी, आवाज मात्र चालूच, मग कार्डाचे पंखे असे काही सुटतात की शेजारच्या खोलीतून विचारणा होते. बटण दाबून बंद करण्याशिवाय इलाज नाही. आधी वाटलं गरम होत असेल, म्हणून कार्ड खोललं. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचं घोंगडं बसलेलं आणि थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली, नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले. सगळं पुसून नवीन पेस्ट लावली, टेंपरेचर ८४ चं ६९ वर आलं, मी खूश. आठवडाभर नीट चाललं आणि परत तेच. आता तर नुसत्या डेस्कटॉपवर पण मधूनच हिरवे चौकोन दिसतात, बुद्धिबळाच्या पटासारखे. एका मित्राने कार्ड ओव्हनमध्ये भाजून बघ म्हणून सांगितलं, त्याला लांबूनच नमस्कार केला.

तर नवीन (किंवा सेकंडहँड) कार्ड घ्यायचंय. खेळतो काय तर जीटीए ५, जुने रेसिंगचे गेम, आणि एल्डन रिंग लावायची फार इच्छा आहे. मीडियम सेटिंगला ६० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळाले तरी पुरे, मला ४के वगैरे काही नको.

आतापर्यंत बघितलेली कार्डं म्हणजे आरएक्स ६५०० एक्सटी, आरएक्स ६६००, सेकंडहँड १६६० सुपर, आणि जमलं तर आरटीएक्स ३०६०. १०६० आणि १०७० सोडून दिली, कारण एनव्हिडियाने ९०० आणि १० सिरीजचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद केलेत, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट. आता मरायला टेकलेल्यावरच परत पैसे का घाला. पूर्ण पीसी बदलायचं बजेट यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू, त्यामुळे कृपया 'नवीनच घ्या' एवढंच सांगू नका.

प्रतिसाद

नवीनच घ्या 😀

प्रतिसाद

वरच्यांचं मनावर घेऊ नका. दोन गोष्टी आधी क्लिअर करू.

पहिली म्हणजे कार्डच गेलंय हे नक्की का? लोड आल्यावर काळी स्क्रीन होणं हा पॉवर सप्लायचा पण आजार असतो. तुमच्या ४५९० मध्ये इंटेलचं एचडी ४६०० ग्राफिक्स आहे, कार्ड काढा, मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डला लावा आणि चारपाच दिवस वापरा. हिरवे चौकोन गायब झाले तर ते कार्डाच्या मेमरीचंच दुखणं.

दुसरी गोष्ट कोणी बघत नाही आणि तुमच्या केसमध्ये तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. एच८१ बोर्ड. ४५९० ला पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड जोडणारा मार्ग) ३.० येतं, पण एच८१ वर कार्डाचा स्लॉट २.० वरच चालतो. ९६० ला फरक पडला नाही कारण ते पूर्ण १६ लेनचं कार्ड (लेन म्हणजे त्या मार्गातल्या डेटा जायच्या पट्ट्या). पण तुमच्या यादीतलं ६५०० एक्सटी फक्त ४ लेनचं आहे आणि ६६०० हे ८ लेनचं. ही कार्डं पीसीआयई ४.० धरून बनवलेली, तिथे ४ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. तुमच्या बोर्डात त्याच ४ लेनमधून २ जीबी जाणार. आता ६५०० एक्सटीवर मेमरी ४ जीबीच, ती भरली की गेमचं टेक्श्चर (चित्रांचा डेटा) सिस्टिमच्या रॅममधून त्या चिंचोळ्या बोळातून आणायचं. चालता चालता गेम उचकी लागल्यासारखा थांबणार आणि तुम्ही कार्डाला शिव्या देणार. यादीतून आधी ते काढा.

६६०० ला ४ जीबीचा रस्ता मिळेल, पण त्याची स्वतःची मेमरी ८ जीबी असल्यामुळे रस्त्याची गरज कमी पडते. चालेल, पण पूर्ण जोर दिसणार नाही. १६६० सुपर आणि ३०६० दोन्ही १६ लेनची, त्यांना ८ जीबी मिळेल.

धागालेखक

बाप रे, हे लेनचं प्रकरण माहीतच नव्हतं. लगेच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर बस इंटरफेसच्या रकान्यात 'पीसीआयई एक्स१६ ३.० @ एक्स१६ १.१' असं येतंय. म्हणजे २.० पण नाही, १.१! बोर्ड पण गेला का?

प्रतिसाद

घाबरू नका भाऊ, बोर्ड ठणठणीत आहे. कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवायला लिंकचा स्पीड खाली येतो. त्या रकान्याच्या शेजारी छोटं प्रश्नचिन्ह आहे ना, त्यावर क्लिक करा, रेंडर टेस्ट सुरू करा आणि मग आकडा बघा.

धागालेखक

हो हो, टेस्ट लावल्याबरोबर २.० झालं! जीव भांड्यात पडला. (आणि टेस्ट चालू असतानाच स्क्रीन काळी झाली, ते वेगळं.)

कार्ड काढून चार दिवस ऑनबोर्डवर चालवतोय, एकही हिरवा चौकोन नाही. म्हणजे पॉवर सप्लाय निर्दोष समजू ना?

प्रतिसाद

नाही ना राव. कार्ड काढलं म्हणजे पॉवर सप्लायवरचा लोडच काढला, मग तो कशाला कुरकुरेल. एवढंच सिद्ध झालं की चौकोन कार्डाचे होते. काळ्या स्क्रीनमध्ये दोघांचा वाटा असू शकतो.

आणि तसाही तो सप्लाय तुम्हाला बदलावाच लागणार आहे. हिशोब बघा, स्लॉटमधून ७५ वॅट आणि ६ पिनमधून ७५ वॅट, असे झाले १५०. ३०६० ला १७० लागतात. ६६०० चं पोट १३२ वॅटचं असलं तरी त्यावर कनेक्टर सहसा ८ पिनचाच असतो. हार्ड डिस्कच्या वायरीवरून ८ पिन करून देणारे कन्व्हर्टर मिळतात, ते अजिबात लावू नका. माझ्या एका पीसीत त्या कन्व्हर्टरचं प्लास्टिक वितळून पिनांना चिकटलेलं मी स्वतः पक्कडने काढलंय, वास दोन दिवस गेला नव्हता. सप्लायवर जे स्टिकर असतं त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते सांगा, वरचा मोठा ४५० हा आकडा विसरा.

धागालेखक

टॉर्च मारून वाचलं. +१२ व्होल्टला दोन रकाने आहेत, १४ आणि १५ अँपिअर, आणि खाली बारीक अक्षरात दोन्ही मिळून जास्तीत जास्त २६४ वॅट. म्हणजे ४५० कुठून आले?

प्रतिसाद

बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टचे धरून बेरीज फुगवलेली असते. सीपीयू आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे तुमचा सप्लाय खऱ्या अर्थाने २६४ चा. तोही दहा वर्षं जुना. बदला.

प्रतिसाद

सप्लायला हात लावायचाच नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं व्हर्जन बघा, ७० वॅटचं आहे, बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, नुसतं स्लॉटमध्ये खोचा. ते पण ८ लेनचंच आहे हे लक्षात ठेवा.

धागालेखक

अरे वा, हा पर्याय आवडला. १६६० सुपर मात्र मी आता काढून टाकतोय, त्याला रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं) हार्डवेअर नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेम आणि २०२५ चा नवा डूम त्याशिवाय सुरूच होत नाहीत म्हणे.

प्रतिसाद

बरोबर आहे, पण ते गेम तुमच्या ४ कोर ४ थ्रेडच्या ४५९० वर तसेही धड चालणार नाहीत, त्यामुळे या पीसीसाठी ते कारण म्हणून धरू नका 😀 पुढच्या पीसीसाठी धरा.

तुमच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तेच आहे असं मला वाटतं. तुम्ही पुढच्या वर्षी पीसी बदलणार म्हणताय, म्हणजे आज घेतलेलं कार्ड दोन पीसींत नांदणार. मग सरळ दोन ढीग करा. जे पुढच्या पीसीत जाईल ते चांगलं घ्या, आणि जे याच पीसीबरोबर भंगारात जाणार ते सेकंडहँड उचला. कार्ड आणि पॉवर सप्लाय पहिल्या ढिगात. डीडीआर३ रॅम दुसऱ्या ढिगात, पण ती घ्याच, एल्डन रिंगची किमान अटच १२ जीबी आहे. बोर्डाला दोनच स्लॉट असतील, ८ च्या दोन स्टिक टाका, एच८१ वर १६ च्या पुढे जाता येत नाही. आय७ ४७९० स्वस्तात मिळाला तर तोही याच ढिगात, त्याच सॉकेटमध्ये बसतो, ८ थ्रेड मिळतात, आणि बोर्डाचं बायोस अपडेट करायचंच असेल तर कार्ड बदलायच्या आधी करून घ्या.

या हिशोबाने ३०६०. आज तुमच्या २.० स्लॉटमध्ये १६ लेन वापरेल, उद्या नवीन बोर्डात जाईल. फक्त १२ जीबीचंच घ्या. याच नावाने ८ जीबीचं पण येतं, त्याची मेमरी बस (मेमरीपर्यंतचा रस्ता) १९२ ची १२८ बिट केलीये, जाहिरातीत नाव तेच लिहितात. बॉक्स नाही, थेट जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट मागा. आणि सेकंडहँड घेत असाल तर समोर अर्धा तास लोड टेस्ट लावायला सांगा, विकणारा 'अहो कशाला, मी वापरतच होतो' म्हणाला की उठून या.

प्रतिसाद

कार्डाची लांबी मोजली का? माझं कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला दोन सेंटिमीटरने अडलं होतं, शेवटी रिव्हेट ड्रिलने उडवून पिंजराच काढला.

धागालेखक

आत्ताच मोजली, मागच्या पट्टीपासून पिंजऱ्यापर्यंत २५ सेंटिमीटर. म्हणजे तीन पंख्यांची कार्डं बाद, दोन पंख्यांचंच बघतो, तेही लांबी विचारून.

३०६० चं पटलं. क्रम असा ठरवतोय, आधी ५५० वॅटचा चांगला सप्लाय आणि जुनी रॅम, तोवर ऑनबोर्डवर काम चालवतो आणि सावकाश कार्ड शोधतो. घाईत काहीतरी उचललं असतं तर ६५०० एक्सटीच घरी आलं असतं, कारण सगळ्यात आधी ते परवडत होतं.

शेवटचा एक बावळट प्रश्न. ३०६० ला मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच आहेत, माझ्या मॉनिटरला डीव्हीआय. मॉनिटर पण बदलावा लागतोय का आता?

प्रतिसाद

नाही. एचडीएमआय टू डीव्हीआयची साधी वायर घ्या, दोन्हीत सिग्नल डिजिटलच असतो, त्यामुळे मध्ये कुठला डबा लागत नाही. फक्त व्हीजीएच्या नादी लागू नका, त्याला कन्व्हर्टर लागतो. आणि नवीन कार्ड लावायच्या आधी सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) चालवून ९६० चे ड्रायव्हर पुसून टाका.

धागालेखक

वायर तर घरातच निघाली, जुन्या सेट टॉप बॉक्सच्या खोक्यात होती. कार्ड आलं की इथेच एफपीएस टाकतो.