मुरमाड माळावर बुर्किना फासोचे झाई खड्डे: सोलापूरच्या पावसात जमतील का?

माळकरी
सांगोल्याच्या बाजूला दोन एकर मुरमाड माळ आहे. वरचा थर पापुद्र्यासारखा घट्ट बसलाय, पाऊस पडला की पाणी सरळ ओढ्याला. झाई खड्ड्यांत, म्हणजे पावसाआधी कडक जमिनीत खणून खत भरलेल्या लहान खड्ड्यांत, बाजरी आणि तूर घ्यायचा विचार आहे. माप, खत, मजुरी यांचा हिशेब कुणी सांगेल का?

कोरडवाहू
जमतील, तुमची जमीन त्याच जातीची आहे. बुर्किना फासोच्या उत्तरेकडच्या यातेंगा भागात झाई जुनीच होती. तिथले शेतकरी याकूबा सावादोगो यांनी १९८० च्या सुमारास खड्डा मोठा केला आणि उन्हाळ्यातच त्यात खत भरायला सुरुवात केली. फरक पडला तो या खतामुळे.

खड्डा ३० सेंमी रुंद, १५ ते २० सेंमी खोल. एका खड्ड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८० सेंमी अंतर धरलं तर एकरी ६,३०० च्या आसपास बसतात. ओळी उताराला आडव्या, आणि वरच्या ओळीतल्या दोन खड्ड्यांच्या मधे खालचा खड्डा. निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी लावा. वर टाकली तर पाणी आत येतच नाही, आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथंच. खड्ड्याला ३०० ग्रॅम, म्हणजे दोन ओंजळी खत धरलं तर एकरी १,९०० किलो लागेल. खतावर थोडी माती ओढून ठेवा. बाजरीचे सहा-सात दाणे टाकून नंतर दोन-तीन रोपं ठेवा. तुरीला एकाआड एक खड्डा पुरे.

माळकरी
तिकडे वाळवीला चांगलं मानतात म्हणे. आपल्याकडे तर तुरीची मुळं खाते ती.

कोरडवाहू
तिथली वाळवी खतातला काडीकचरा खायला येते आणि कडक थराला भोकं पाडते, पाणी त्यातून खाली मुरतं. आपल्याकडे मात्र पूर्ण कुजलेलंच खत घाला. कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि मग बाजरीही जाते, तूरही जाते.

दगडीबांध
नुसत्या खड्ड्यांवर थांबू नका. आपल्याकडे ऑगस्टमधे उघडीप आणि सप्टेंबरमधे धो धो, हे ठरलेलंच. त्या एका पावसात खड्डे गाळानं भरतात. म्हणून समपातळीवर दगडांच्या ओळी हव्यात: १०-१५ सेंमी चर, त्यात मोठे दगड, वरच्या अंगाला बारके, जमिनीपासून उंची २५ सेंमी. दोन ओळींत २० ते ३० मीटर, उतार जास्त तर अंतर कमी. पातळी काढायला गवंड्याची पाण्याची नळी चालते. दगडातून पाणी झिरपत पुढं जातं, मातीचा बांध मात्र एका जागी फुटला की घळ पडते.

ट्रॅक्टरच्या ड्रिलनं खड्डे घेऊ नका. अरुंद आणि खोल होतात, ओल असेल तर भिंती गुळगुळीत होऊन पाणी मुरत नाही.

पाणीसाठी
काळ्या रानात हे करू नका. मंगळवेढ्याच्या भारी जमिनीत खड्ड्यात पाणी तुंबून मूळ सडेल. तिथं रब्बी ज्वारीआधी बंदिस्त वाफेच, म्हणजे चारी बाजूंनी छोटे बांध घातलेले वाफेच, बरे.

मजुरीचं: तिकडे हेक्टरी ३०० ते ४५० तास लागतात, म्हणजे एकरी एका माणसाचे १५ ते २२ दिवस. आपला मुरूम जास्त कडक असेल तर वाढेल. ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चमधे लागा, वळवाची वाट बघू नका. दोन एकर एकट्यानं उरकणार नाही. यातेंगातच १९६७ मधे बर्नार लेदेआ वेद्राओगो यांनी मिळून काम करणारे 'नाम' नावाचे गावगट उभे केले, गावातल्या तरुणांच्या जुन्या मंडळांवरच. आपल्याकडची सावड तीच. चार घरं धरा, एकेका रानात आळीपाळीनं खणा.

माळकरी
दुसऱ्या वर्षी नवे खड्डे घ्यायचे का?

कोरडवाहू
जुन्यातला गाळ काढून पुन्हा पेरता येतं. पण मजूर मिळाले तर मधल्या रिकाम्या जागेत नवे घ्या, त्यानं हळूहळू सगळा माळ फुटतो. आधी अर्धा एकरच करा, आणि तोही वरच्या अंगाचा. वरून येणारं पाणी तिथं अडलं नाही तर खालचे खड्डे टिकत नाहीत.