साखर आटोक्यात येत नाही, याचा दोष डॉक्टरांनी स्वतःकडे किती घ्यावा?

प्रश्न: सोलापुरात पूर्व भागात माझा दवाखाना आहे. विड्या वळणाऱ्या महिला मधुमेहाच्या गोळ्या मध्येच सोडतात, साखर वाढवून परत येतात आणि रात्री मी स्वतःलाच धारेवर धरतो. अपेक्षा कुठवर ठेवावी?

उत्तर १: एचबीए१सी ही रक्ततपासणी मागील सुमारे तीन महिन्यांची साखरेची सरासरी सांगते, त्यात आपला वाटा काही मिनिटांचा, बाकी सारे घर, मजुरी आणि ताट ठरवते. तपासणी व समजावणी नीट झाली असेल, तर निकालाचे ओझे एकट्याने वाहू नये.

उत्तर २: सहमत, मात्र परवडणारी जेनेरिक गोळी लिहिली जाते का, हे जरूर पाहावे.

उत्तर ३: जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटचे, म्हणजे कामामुळे पार थकून जाण्याचे, मूळ कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणात सांगितले आहे. चीनमध्ये युद्धकाळात जखमींची सेवा करणाऱ्या डॉ. कोटणीसांच्या गावात विश्रांती घ्या म्हणणे धाडसाचे, तरीही सर, रविवारी दवाखाना बंद ठेवावा.