रेखाटन बरोबर, रंगही बरोबर. तरी चित्र उठून का दिसत नाही?

प्रश्न

गेले आठ महिने मी तैलरंगात काम करीत आहे. नुकतेच पूर्ण केलेले एक स्थिरचित्र सोबत जोडले आहे. कॅनव्हास १६ × २० इंचांचा असून मांडणीत मातीचे एक भांडे, निळी काचेची बाटली, दोन लिंबे आणि त्यांच्याखाली पसरलेले पांढरे कापड आहे. उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो. रेखाटन मी दोनदा तपासले, प्रत्येक वस्तूचा रंग तिच्याशेजारी रंग लावलेली सुरी धरून जुळवला, आणि तरीही चार पावले मागे जाऊन पाहिले की चित्रात जीव वाटत नाही. जवळून प्रत्येक वस्तू नीट दिसते; लांबून मात्र नजर कुठे थांबावी हेच कळत नाही. फोनवर चित्र कृष्णधवल करून पाहिले, तेव्हा लिंबे कापडात विरून गेली आणि भांडे मागच्या भिंतीत. दोष टोनचा आहे की रचनेचा, आणि पुढच्या चित्राच्या वेळी तो आधीच कसा ओळखावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

कृष्णधवल करून पाहण्याची कल्पना आपल्याला सुचली, म्हणजे अर्धे निदान आपणच केले आहे. आपले रंग खरोखरच चांगले जुळले आहेत. चुकली आहे ती उजेड-काळोखाची पातळी, ज्याला आपण सगळे टोन किंवा व्हॅल्यू म्हणतो. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १० मानणारी, अमेरिकन चित्रकार मन्सेल यांची पट्टी डोळ्यांसमोर आणली, तर आपल्या चित्रातील जवळजवळ सगळे ५ ते ८ यांच्या दरम्यान आले आहे. खालची अर्धी पट्टी आपण वापरलेलीच नाही.

असे होण्याचे कारण कापडाकडे पाहिले की कळते. कापड पांढरे आहे हे मनाला ठाऊक असल्यामुळे हात सावलीतल्या घड्यासुद्धा पांढऱ्याच्या आसपास रंगवतो. प्रत्यक्षात खिडकीकडे पाठ असलेली कापडाची घडी उजेडातल्या मातीच्या भांड्यापेक्षा गडद असू शकते. हे ऐकून पटत नाही, डोळ्यांनी पाहिल्यावरच पटते. राखाडी पुठ्ठ्याला वाटाण्याएवढी दोन भोके पाडा, एका डोळ्याने पाहत एका भोकात ती घडी आणि दुसऱ्यात भांड्याचा उजळ गाल येईल असे धरा. वस्तूंची नावे गळून पडतात आणि केवळ दोन ठिपके उरतात. त्यांतला गडद कोणता हे लगेच सांगता येते. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा मी कितीतरी वेळ पुठ्ठा खाली ठेवू शकलो नव्हतो.

दुसरी गोष्ट रंगांच्या मर्यादेची. उन्हात ठेवलेली वस्तू आणि तिच्यामागची खोल सावली यांच्या उजळपणातील अंतर रंगांच्या आवाक्यात येतच नाही, कारण रंगाचा पांढरा हा काळ्यापेक्षा साधारण वीस-तीस पटीनेच अधिक उजेड परत पाठवतो. त्यामुळे समोर दिसते ते जसेच्या तसे उतरवणे शक्य नसते आणि चित्रकाराला निवड करावीच लागते. रंग हाती घेण्यापूर्वी डोळे किलकिले करून सगळी मांडणी गडद, मध्यम आणि फिकट अशा तीनच गटांत बसवा आणि उजेडातला कोणताही भाग सावलीतल्या कोणत्याही भागाइतका गडद होऊ देऊ नका. मुळातच काळी असलेली वस्तू मांडणीत असेल तर तिच्यापुरता हा नियम सैल करावा लागतो. आपल्या मांडणीत तशी वस्तू नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु टोन आणि रचना हे दोन वेगळे दोष म्हणून शोधू नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. चित्राची रचना वस्तूंची नसते, ती गडद आणि फिकट आकारांची असते. आपल्या चित्रात बाटली जवळजवळ मध्यावर उभी आहे, टेबलाची कड कॅनव्हासचे बरोबर दोन भाग करते आणि भांड्याची कड बाटलीच्या कडेला नुसती टेकली आहे. अशी टेकलेली कड फार त्रास देते, कारण कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे त्या ठिकाणी कळेनासे होते. एक तर भांड्याने बाटलीचा काही भाग स्पष्टपणे झाकावा किंवा दोघांत मोकळी जागा असावी.

लिंबांचे म्हणाल तर, पिवळा रंग मुळातच फिकट पातळीचा असल्यामुळे उजेडातले लिंबू उजेडातल्या पांढऱ्या कापडावर टोनच्या दृष्टीने हरवणारच, कितीही शुद्ध पिवळा वापरला तरी. तेच लिंबू चार बोटे उजवीकडे, भांड्याच्या पडछायेवर सरकवा. रंगाचा एक थेंबही न बदलता ते चित्रातील सर्वांत ठळक जागा होईल. भांड्याची सावलीतली बाजू मात्र मागच्या भिंतीच्या सावलीत खुशाल मिसळू द्या, फक्त भिंत तेथे पुरेशी गडद ठेवा. आपल्या चित्रातील भांडे भिंतीत विरले आहे, पण चुकीच्या बाजूने, म्हणजे उजेडाच्या बाजूने.

डच चित्रकार रेम्ब्रांटचे १६४२ सालचे ‘नाइट वॉच’ हे चित्र या दृष्टीने पुन्हा पाहावे. इतक्या माणसांच्या गर्दीत नजर कुठे भरकटत नाही, कारण काळ्या पोशाखातील कॅप्टनच्या शेजारीच फिकट पिवळ्या पोशाखातील लेफ्टनंट उभा आहे, आणि कॅप्टनच्या पुढे केलेल्या हाताची सावली नेमकी त्या पिवळ्यावर पडली आहे. सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट आकार जिथे एकमेकांना भिडतात तिथे नजर जाते. बाकीची कित्येक माणसे अर्धवट काळोखात आहेत आणि त्यांनी तिथेच राहावे, हा चित्रकाराचा निर्णय आहे.

प्रत्यक्ष कामासाठी काडेपेटीएवढे चौकोन आखून त्यांत मऊ पेन्सिलीने केवळ तीन पातळ्यांची पाच-सहा कच्ची रेखाटने करावीत. तिन्ही पातळ्यांना सारखी जागा देऊ नये. एकीने बहुतेक चित्र व्यापावे, दुसरीने त्याहून कमी आणि तिसरी अगदी थोडी असावी. एवढ्याशा चौकोनात जे उठून दिसत नाही, ते मोठ्या कॅनव्हासवर नेल्याने सुधारत नाही.

प्रतिसाद ३

एक सावधगिरीची सूचना. हे सर्व वाचून प्रत्येक चित्रात काळा आणि पांढरा समोरासमोर आणलाच पाहिजे, असा समज होऊ नये. फ्रेंच चित्रकार मोने यांच्या १८७२ च्या सूर्योदयाच्या चित्रातील नारिंगी सूर्य कृष्णधवल प्रतीत जवळपास नाहीसा होतो, कारण त्याचा उजळपणा भोवतालच्या आकाशाइतकाच आहे. रंगात पाहताना तो जो थरथरल्यासारखा भासतो, तो त्यामुळेच. म्हणजे आपल्या लिंबांचे जे झाले तेच तिथे झाले आहे, फरक इतकाच की तिथे होड्यांचे गडद आकार पाण्यावर आधी पक्के बसवलेले आहेत आणि सूर्य एकटाच तसा ठेवला आहे. चित्राचा बराचसा सांगाडा टोनने उभा राहिला, की एखादी जागा केवळ रंगाच्या भरवशावर सोडता येते.

साहित्याबद्दलही थोडेसे. पांढऱ्या कॅनव्हासवर मध्यम टोन आहे त्यापेक्षा गडद भासतो आणि म्हणून हात आपोआप फिकट मिश्रणे करू लागतो. पुढच्या वेळी कॅनव्हासला मध्यम राखाडी किंवा तपकिरी अस्तर द्या आणि पॅलेटही त्याच पातळीचे घ्या. तैलरंगातील गडद भाग वाळल्यावर काही वेळा तेल शोषले जाऊन निस्तेज आणि फिकट दिसू लागतात. तेव्हा घाईने त्यावर काळा चढवू नका, वाळलेल्या भागावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून आधी मूळ पातळी पाहून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. भोके पाडलेला पुठ्ठा धरून पाहिला. कापडाची घडी खरोखरच भांड्याच्या गालापेक्षा गडद निघाली आणि मी दोन्ही डोळे उघडून पुन्हा पाहिले, तरी मनाला ती पांढरीच वाटत होती. त्यानंतर सहा छोटी रेखाटने केली. त्यांपैकी पाचांत बाटली नकळत पुन्हा मध्यावरच आली. सहाव्यात मी ती उजव्या कडेशी नेऊन तिचा अर्धा भाग भांड्यामागे लपवला, एक लिंबू पडछायेत सरकवले आणि दुसरे मांडणीतून काढूनच टाकले. जुन्या कॅनव्हासवर दुरुस्ती न करता तपकिरी अस्तर दिलेला नवा कॅनव्हास घेतला आहे. त्यावर अजून फक्त तीन पातळ्यांचे थर आहेत, एकाही वस्तूचा तपशील नाही, तरी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून लिंबू कुठे आहे ते दिसते.

प्रतिसाद २

दुसरे लिंबू काढलेत हे फार उत्तम केलेत. आता तपशील भरताना दर काही वेळाने त्याच टोकावर जाऊन पाहत राहा. भांड्याच्या सावलीत परावर्तित उजेड दिसेल, आणि तो दिसतो त्यापेक्षा एक पातळी गडदच रंगवा, नाहीतर भिंतीच्या सावलीशी जोडलेली सावली पुन्हा फुटेल.