टर्बो सी: स्मॉल आणि लार्ज मॉडेलला सारखाच वेळ कसा?

खजराना_बिट
टर्बो सी २.०१ (डॉसवरचा जुना सी कंपायलर), डॉसबॉक्सवर (जुन्या पीसीची नक्कल करणारा इम्युलेटर), सायकल्स ३०००. प्रोग्राम म्हणजे मूळ संख्यांची जुनी चाळणी: ८१९१ खुणांचा ग्लोबल कॅरॅक्टर ॲरे, १० फेऱ्या, उत्तर १८९९. एकदा -एमएस देऊन (स्मॉल मॉडेल: कोडला एक, डेटाला एक ६४ केचा तुकडा, पॉइंटर दोन बाइटचे) कंपाइल केला, एकदा -एमएल देऊन (लार्ज: पॉइंटर चार बाइटचे). वेळ बायोसच्या टिकांवरून (घड्याळाच्या ठोक्यांवरून) मोजला. दोन्हींत एका टिकचाही फरक नाही! ८०८८ वर (आयबीएम पीसीतला प्रोसेसर) लार्ज मॉडेल मंद पडतं असंच वाचत आलोय. चुकतंय कुठे? आणि २८६ वर (त्यापुढच्या एटीतला प्रोसेसर) हा फरक उरतो का? इथे इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एक जुना बोर्ड बघून ठेवलाय, घ्यायचा की नाही ते यावर ठरेल.

जुनीचिप
भिया, ही चाळणी या कामाची नाही. टर्बो सीच्या लार्ज मॉडेलमध्येही स्टॅटिक डेटा एकाच ६४ के सेगमेंटमध्ये (मेमरीच्या तुकड्यात) असतो आणि डीएस रजिस्टर कायम तिथेच रोखलेला असतो. ॲरे ग्लोबल आहे म्हटल्यावर कंपायलर दोन्हीकडे जवळपास तोच कोड काढणार. किंमत मोजावी लागते ती पॉइंटरमधून डेटा वाचताना.

पॉइंटर घेऊन इंटचा ॲरे चाला आणि -एस देऊन असेंब्ली काढून बघा. स्मॉलमध्ये पॉइंटर एसआय रजिस्टरमध्ये बसतो, वाचायला मूव्ह एएक्स,[एसआय] एवढंच. ८०८८ वर १७ क्लॉक. लार्जमध्ये पॉइंटर चार बाइटचा, त्यामुळे रजिस्टर व्हेरिएबल होऊच शकत नाही. दर वेळी स्टॅकवरून एलईएस बीएक्स,[बीपी-४] (सेगमेंट आणि त्यातला ऑफसेट दोन्ही उचलणारी सूचना), ३३ क्लॉक. मग ईएस: लावून मूव्ह, १९. झाले ५२. वर पॉइंटर पुढे सरकवायचा तोही मेमरीतच. हे आकडे इंटेलच्या तक्त्यातले, त्यात सूचना आणण्याचा वेळ धरलेला नाही. ८०८८ ला एक बाइट आणायला ४ क्लॉक लागतात आणि वरच्या दोन सूचना मिळून ६ बाइटच्या, म्हणजे प्रत्यक्षात आणखी मार बसतो.

दुसरी गोष्ट डॉसबॉक्सची. त्यातले सायकल्स म्हणजे क्लॉक नव्हेत, मिलिसेकंदाला किती सूचना चालवायच्या तो आकडा. एलईएस असो की साधा मूव्ह, त्याच्या लेखी दोन्ही एकच. प्रोग्राम बदललात तरी तिथे मिळणारा फरक खरा नसेल. ८०८८ साठी मार्टीपीसी हा इम्युलेटर वापरा, ते क्लॉकपर्यंत अचूक आहे.

आणि टिक ५५ मिलिसेकंदांची असते. फेऱ्या वाढवून किमान १० सेकंद चालू द्या, म्हणजे एका टिकची चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते.

राजवाडा_८६
२८६ बद्दल. रिअल मोडमध्ये (डॉस चालतो तो) एलईएस ७ क्लॉक, मेमरीतून मूव्ह ५. म्हणजे स्मॉलला ५, लार्जला १२. गुणोत्तर तिपटीवरून अडीचपटीच्या खाली येतं, पण फरक राहतोच. खरी गंमत पुढे आहे: आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झचा, १९८४ चा एटी ६ चा. क्लॉक सव्वापट वाढलं. पण लार्जमधलं तेच वाचन ५२ क्लॉकवरून १२ वर, वेळेत जवळजवळ ११ मायक्रोसेकंदांवरून २ वर. पत्त्याचं गणित २८६ मध्ये स्वतंत्र सर्किट करतं आणि बस १६ बिटची आहे. मेगाहर्ट्झवरून वेग ठरवणाऱ्यांनी एवढं बघावं. बोर्ड घ्यायला हरकत नाही, फक्त टर्बो बटण (वेग कमी-जास्त करणारं) कुठल्या स्थितीत आहे ते मोजणीआधी बघा. आणि बॅटरी गळून ट्रॅक खाल्लेत का, तेही.

जुनीचिप
कोड ६४ के ओलांडत असेल पण डेटा मावत असेल तर सरळ लार्जवर उडी मारू नका, मीडियम घ्या. तिथे फक्त कॉल ‘फार’ (दुसऱ्या सेगमेंटमध्ये जाणारा) होतो: ८०८८ वर निअर (त्याच सेगमेंटमधला) २३ क्लॉक, फार ३६. हजार कॉलमागे ३ मिलिसेकंदही जात नाहीत. परतीचेही साधारण तेवढेच धरा. लूपमधल्या एलईएससमोर हे काहीच नाही. एखादाच मोठा बफर हवा असेल तर स्मॉलमध्येच राहून तेवढा पॉइंटर ‘फार’ (चार बाइटचा) घोषित करा आणि फारमॅलॉकने जागा घ्या.

खजराना_बिट
फार पॉइंटर टाकून बघितला. ॲरेच्या शेवटापर्यंत जायचं म्हणून लूपमध्ये पी < शेवट अशी तुलना आहे, आणि ती मध्येच चुकते.

राजवाडा_८६
फार पॉइंटरमध्ये < आणि > फक्त ऑफसेट बघतात, == मात्र सेगमेंटसकट बघतं. एकच जागा दोन वेगळ्या सेगमेंट-ऑफसेट जोड्यांनी लिहिता येते, म्हणून == सुद्धा फसू शकतं. ऑफसेट एफएफएफएफच्या पुढे गेला की शून्यावर येतो, सेगमेंट हलत नाही. ह्यूज पॉइंटर हे सांभाळतो, पण प्रत्येक बेरजेला रनटाइमचं रूटीन बोलावतो. ६४ केच्या आतला ॲरे असेल तर पॉइंटरची तुलना सोडा आणि मोजणी इंटने करा.

लिंक स्वतः करत असाल तर सी०एल.ओबीजेसोबत (लार्जचा सुरुवातीचा कोड) सीएल.लिबच (लार्जची लायब्ररी) द्या. सीएस.लिब (स्मॉलची) दिलीत तर फिक्सअप ओव्हरफ्लो (पत्ता मावत नाही ही लिंकरची तक्रार) येतो, तोही नशीब चांगलं असेल तर.