न्यायमंत्री थेट सरन्यायाधीश? चार्ल्स फिट्झपॅट्रिक यांच्याबद्दल तुमचं मत काय?

रानवाटा:
कॅनडात १९०६ मध्ये फिट्झपॅट्रिक न्यायमंत्रीपद सोडून थेट सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश झाले, त्याआधी कधीच न्यायाधीश नव्हते. मला हे साफ चुकीचं वाटतं. वकील म्हणून माणूस जबरदस्त, १८८५ ला रेजायनात सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या मेटिस (मिश्रवंशीय) लोकांचा नेता लुई रिएल याचा बचाव केला, तेही अशील स्वतः मी वेडा नाही म्हणत असताना वेडेपणाचा बचाव मांडायचा होता, फाशी टळली नाही ते सोडा. पण १९१८ ची ग्रे केस बघा. तरुण शेतकऱ्यांना सैन्यभरतीतून कायद्याने मिळणारी सूट पंतप्रधान बोर्डेन यांच्या सरकारने नुसत्या हुकुमाने काढून घेतली आणि यांनी ते चालवून घेतलं!

साधा_वाचक:
अहो, न्यायाधीश ब्रोडर पण फिट्झपॅट्रिकसारखेच लिबरल पक्षाचे पंतप्रधान लॉरिए यांच्या कॅबिनेटमधूनच कोर्टात आलेले, ते ग्रे केसमध्ये सरकारच्या विरोधात गेले ना? आणि लॉरिए स्वतः सक्तीच्या भरतीविरुद्ध होते, मग फिट्झपॅट्रिकनी पक्षाचं काय भलं केलं?

रानवाटा:
पक्षपात म्हणतच नाहीये, सवय म्हणतोय. दहा वर्षं सरकारात काढली की सरकारला अडवायचं असतं हेच डोक्यातून जातं. १९१४ ची क्वाँग विंग केस घ्या, मूस जॉमधला चिनी रेस्टॉरंटवाला, रीतसर नागरिक झालेला, गोऱ्या बायका कामाला ठेवल्या म्हणून गुन्हेगार ठरला. चिन्यांनी गोऱ्या बायका कामाला ठेवू नयेत हा सस्कॅचेवन प्रांताचा कायदा कोर्टाने उचलून धरला, विरोधात एकटे न्यायाधीश आयडिंग्टन.

पायवाट:
त्या बहुमतात डफ आणि अँग्लिन हे न्यायाधीश पण होते, ते कुठे मंत्री होते? चिन्यांचा द्वेष तेव्हा सगळीकडेच होता. उलट १९०५ ला अल्बर्टा-सस्कॅचेवन प्रांत करताना याच माणसाने अल्पसंख्य कॅथलिकांच्या शाळांसाठी जोर लावला, त्यावरून मंत्री सिफ्टननी राजीनामा दिला.

रानवाटा:
स्वतः आयरिश कॅथलिक, आपल्या माणसांसाठी भांडले, चांगलंच केलं, पण क्वाँग विंगसाठी ते का सुचलं नाही? आणि जुलै १९१८ ला ग्रेचा निकाल, ऑक्टोबरमध्ये हे क्विबेकचे लेफ्टनंट गव्हर्नर, नेमणूक त्याच सरकारची. लाच म्हणत नाही मी, पण लोकांनी विश्वास कसा ठेवायचा?

साधा_वाचक:
ती नेमणूक मलाही खटकते. मग कोर्टातून उतरल्यावर सरकारी पद घ्यायचं नाही असा नियम करा की, मंत्रिपदावरून कोर्टात येणाऱ्यांना दार का लावायचं? ब्रोडरसारखा माणूस पण बाहेरच राहील.